ठिपक्यांची ओळ वाकडी दिसते तेव्हा

रांगोळीत आमच्या सासूबाईंचा हात धरणारं अख्ख्या आळीत कुणी नव्हतं. दिवाळीत पहाटे अंगणात सडा पडला की त्या खाली बसायच्या आणि एकवीस ठिपक्यांची रांगोळी बघता बघता पुरी करायच्या. अगरबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद घरात होता, पण तो आमच्यासारख्यांसाठी. त्यांची चिमूट म्हणजेच माप.

2019 च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, त्या मधेच थांबल्या. म्हणाल्या, ''अगं, ही ओळ मधे खचल्यासारखी का दिसतेय? तू बघ बरं.''

मी वाकून बघितलं. ओळ सुतात होती. ''सरळच आहे की, आई.''

''मला मेली पोटात वाकलेली दिसते. उजवा डोळा झाकला की जास्तच.''

यावर मी जे बोलले ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हणाले, ''भाऊजींना नव्हतं का झालं अस्संच? तीन महिन्यांत आपोआप बरं झालं. तुमचंही होईल. सण होऊ दे, मग बघू.''

मैत्रिणींनो, मी काही डोळ्यांतलं न कळणारी बाई नाही. म्हणजे डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर आहे, विज्ञान दहावीतच सुटलं. पण महिला मंडळातर्फे आम्ही बरीच वर्षं नेत्रतपासणी शिबिरं घेतो. पत्रकं वाटणं, बायकांना रांगेत बसवणं, शस्त्रक्रियेला नेणं-आणणं, सगळं मी करते. आणि मीच घरातल्या माणसाला 'होईल बरं' म्हणाले. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

भाऊजींचं काय झालं होतं?

आधीच्या वर्षीची गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांना एके दिवशी उजव्या डोळ्यासमोर मधोमध मळकट गोल दिसायला लागला. वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसत, त्या डोळ्यानं बघितलं की अक्षरं बारीक आणि लांब गेल्यासारखी दिसत. वय बेचाळीस. त्यांना जिल्ह्याच्या गावी पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं, दोन मिनिटांत डोळ्याच्या पडद्याचे फोटो निघाले. डॉक्टरांनी फोटो दाखवला. पडद्याखाली स्वच्छ पाणी साठून तो तंबूसारखा वर उचलला गेला होता.

पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, ''स्टेरॉइड काही घेता का?''

भाऊजी म्हणाले, ''छे!'' पण जाऊबाई चटकन म्हणाल्या, ''अहो, त्या कंबरदुखीच्या पुड्या?'' बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून ते पुड्या आणत. काय असतं त्यात, कुणास ठाऊक. घेतल्या की कंबर लगेच मोकळी व्हायची. त्यात स्टेरॉइड असावं, अशी डॉक्टरांना शंका आली. पुड्या बंद करायला लावल्या, जागरणं कमी करा म्हणाले आणि दर महिन्याला तपासायला बोलावलं. इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. तिसऱ्या महिन्यात पाणी जिरलं, पडदा जागेवर बसला.

या आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर थोडक्यात 'सीएससी' म्हणतात. तो वीस ते पन्नास वयाच्या पुरुषांत जास्त दिसतो, पण बायकांनाही होतो, गरोदरपणातही होऊ शकतो. बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपणहून ओसरतं. आमच्या घरानं यातून एकच धडा घेतला: ओळी वाकड्या दिसल्या तर घाबरायचं नाही, थांबायचं. हा धडाच चुकीचा होता.

सासूबाईंचा आजार वेगळा निघाला

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. सासूबाई काही बोलत नव्हत्या. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका स्वतःच्या दुखण्याबद्दल दुसऱ्यांदा सांगत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरी आपण दुसऱ्यांदा सांगायची वाट बघतो. डिसेंबर संपत आला तेव्हा त्या देवघरात समईच्या वातीऐवजी शेजारीच काडी धरताना दिसल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ''मधोमध काळं दिसतं गं. कडेचं सगळं दिसतं, जिथं बघावं तेवढंच दिसत नाही.''

दुसऱ्याच दिवशी त्याच डॉक्टरांकडे गेलो. तेच मशीन, तसाच फोटो. मी कौतुकानं म्हणाले, ''पाणीच आहे ना डॉक्टर? भाऊजींसारखंच?''

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. म्हणाले, ''नीट बघा.'' भाऊजींच्या फोटोत पाणी होतं, पण त्याखालचा थर जवळजवळ गुळगुळीत होता. सासूबाईंच्या फोटोत पाणी तर होतंच, शिवाय खालचा थर ठिकठिकाणी उंचवटे आल्यासारखा खडबडीत होता. त्यातून एक करडा गठ्ठा वर घुसलेला, आणि आजूबाजूला रक्त झिरपलेलं. तिथे नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाची झीज होते, त्यातला हा 'ओला' प्रकार. या वाहिन्या फुटक्या नळासारख्या गळतात आणि वेळीच थांबवलं नाही तर तिथे व्रण धरतो. व्रण धरला की त्या जागेची नजर परत येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ''कधीपासून दिसतंय असं?'' मी खाली मान घालून सांगितलं, ''दिवाळीपासून.'' ते काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

चिरोट्याचे पदर

आता हे मशीन नेमकं करतं काय, ते मला जसं समजलं तसं सांगते.

आपला डोळा म्हणजे कॅमेरा धरला, तर मागचा पडदा म्हणजे फिल्म. त्या पडद्याच्या मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचा एक भाग असतो. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात, मराठीत पीतबिंदू. सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, वाचणं ही सगळी कामं या एवढ्याशा जागेची. पडद्याची जाडी तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात दहा थर!

साध्या कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो काढला तर तो वरून दिसतो. ताटातला चिरोटा वरून बघावा तसा. तो तांबूस झालाय, कुठे डाग आहे, हे कळतं. पण आतले पदर सुटलेत का, मधे कच्चं राहिलंय का, हे कळायला चिरोटा मधोमध कापूनच बघावा लागतो. डोळा काही कापता येत नाही. ओसीटी नावाचं मशीन न कापता तो काप दाखवतं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात, इथे प्रकाश. तो प्रकाश प्रत्येक थरावरून थोडा थोडा परततो आणि त्यावरून मशीन थरांचं चित्र काढतं. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा फरकही त्यात कळतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, दुखणं नाही. हनुवटी टेकवायची आणि समोरच्या खुणेकडे बघायचं, की झालं. आधी बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास अंधूक दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी न्यायचं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी 1991 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्यांच्यातले डेव्हिड हुआंग तेव्हा चक्क विद्यार्थी होते. 2023 मध्ये त्यांना, जेम्स फुजिमोटो आणि एरिक स्वॉन्सन यांना याच कामासाठी वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण कधी कधी नुसत्या कापावरूनही भागत नाही. पाणी दिसतं, पण ते येतंय कुठून? मग रंगाची तपासणी करतात. हातातल्या शिरेतून पिवळा रंग टोचतात, तो रक्ताबरोबर काही सेकंदांत डोळ्यात पोहोचतो आणि कॅमेरा भराभर फोटो काढत राहतो. घरात ओल आली की प्लंबर कसा कुठला पाइप गळतोय ते शोधतो, तसंच हे. ही युक्तीही विद्यार्थ्यांचीच बरं का! हॅरॉल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड आल्व्हिस या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 1961 मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि माणसावरचा पहिला प्रयोग आल्व्हिसच्याच डोळ्यावर झाला.

भाऊजींसारख्या आजारात या फोटोत कधी शाईचा थेंब पसरावा तशी, तर कधी धुराड्यातून धूर वर जावा तशी गळती दिसते. सासूबाईंच्या फोटोत नव्या वाहिन्यांचं जाळं लख्ख उजळलं. या तपासणीनंतर एक दिवस लघवी केशरी होते आणि अंग पिवळसर दिसतं, त्यानं घाबरू नये. मळमळ होऊ शकते. कसली अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगावं.

याहून एक हिरवा रंग असतो, तो पडद्याच्या आणखी मागच्या वाहिन्या दाखवतो. तो कशाला, तर सासूबाईंच्या आजारासारखाच दिसणारा आणखी एक आजार आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळतो. त्यात वाहिन्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घोसासारखे फुगे येतात. ते याच रंगानं नीट दिसतात. तो आजार असेल तर इंजेक्शनाच्या जोडीला एका वेगळ्या लेझरचा विचार करतात. अलीकडे रंग न टोचताच वाहिन्यांचं जाळं दाखवणारी ओसीटी मशीनंही मोठ्या शहरांत आली आहेत. सगळ्यांना सगळ्या तपासण्या लागत नाहीत. कुठली लागेल ते डॉक्टर ठरवतात. पण डॉक्टर एका पाठोपाठ दुसरी तपासणी सांगतात तेव्हा 'उगाच पैसे उकळतात' असं लगेच म्हणू नये, एवढं मी शिकले. नेमकी कशासाठी, हे मात्र जरूर विचारावं.

आणि तिसरी तऱ्हा शेजारच्या काकूंची

सासूबाईंचं ऐकून शेजारच्या काकूंनी आपला एकेक डोळा झाकून बघितला. डाव्या डोळ्यानं माणसाचं नाकच दिसेना, बाकी चेहरा दिसायचा. त्यांना दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात 'मोतीबिंदू आहे, पिकू दे' असं सांगितलं होतं. शिबिर आमचंच, म्हणून तोही दोष आमच्या पदरात. काकू मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसल्या होत्या आणि आजार होता मागे, पडद्यात. ओसीटीत पीतबिंदूच्या मधोमध आरपार भोक दिसलं. साठीच्या पुढे हे होतं आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. वय वाढतं तसा डोळ्यातला पारदर्शक बलक आक्रसतो आणि पडद्याला ओढून धरतो, त्यातून हे घडतं.

त्यातही एक गंमत आहे. पडद्यावर पातळ पापुद्रा धरला आणि तो आवळला, तर वरून बघताना भोकासारखंच दिसतं. खरं भोक की भोकाचा भास, हे काप बघितल्यावरच ठरतं. काकूंचं खरं होतं. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि काही दिवस मान खाली घालून राहायला सांगितलं. बुडबुडा जिरेपर्यंत विमान नाही, उंच घाटमाथ्यावर जायचं नाही. काकूंनी पाटावर कपाळ टेकून सगळा पोथीवाचनाचा आठवडा ऐकला. भोक बुजलं. नंतर मोतीबिंदूही काढला. आता त्यांना नाक दिसतं, थोडं वाकडं का होईना.

म्हणजे बघा. तिघांची तक्रार एकच, 'मधोमध वाकडं आणि अंधूक दिसतं.' एकाला सांगितलं थांबा, एकीला म्हणाले आजच इंजेक्शन घ्या, एकीला शस्त्रक्रिया. मधुमेहानं पडद्याला सूज आली तरी जवळपास असंच दिसतं, त्याचं औषध-पाणी आणखी वेगळं. तक्रारीवरून आजार ओळखायला गेलो तर तिघांपैकी दोघांचं तरी चुकणारच. माझं तसंच चुकलं. एकाचा उपाय दुसऱ्याला लावणं ही आपल्याकडे माया समजली जाते. 'आमच्या ह्यांना अमुक थेंबांनी गुण आला, तुम्हीही घाला.' त्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि समोरच्याला भाऊजींचा आजार असेल तर? स्टेरॉइडनं तो आजार वाढतो. भाऊजींनाही 'बरं झालं' म्हणून सोडून दिलं नाही. अशा डोळ्यांत पाणी पुन्हा येऊ शकतं, आणि दुखणं फार रेंगाळलं तर त्याखालीही नव्या वाहिन्या उगवू शकतात. म्हणून ते सांगितल्या वेळी तपासून येतात.

सासूबाईंना डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर घाम फुटला. कुणाला फुटणार नाही? पण आधी बधिर करतात, सुई बाहुलीच्या बाजूला पांढऱ्या भागात देतात आणि काही क्षणांत काम होतं. बाहेर आल्यावर त्याच मला म्हणाल्या, ''चिमटा बरा याच्यापेक्षा? नाही गं, हेच बरं.'' ही इंजेक्शनं एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला, मग फोटो बघून. औषधांच्या किमतींत बराच फरक असतो, तेव्हा मोकळेपणानं विचारावं. इंजेक्शननंतर डोळा दुखला, लाल झाला, नजर आणखी कमी झाली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं. आमची तीन इंजेक्शनं झाली आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. मधले दोन महिने जाताच आलं नाही. गळती थांबली, पण व्रण राहिला. त्या डोळ्यानं त्यांना आज माझा चेहरा दिसत नाही. कडेनं बघून ओळखतात.

तुम्ही काय कराल?

भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा, किंवा मुलांची चौकटीची गणिताची वही घ्या. चौकटीच्या पानाच्या मधोमध पेनानं ठसठशीत ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, पान फूटभर लांब धरा. एक डोळा तळहातानं झाका आणि दुसऱ्यानं फक्त ठिपक्याकडे बघा. चौकटीच्या रेघा वाकतात का? कुठे पुसल्यासारख्या दिसतात का? ठिपकाच गायब होतो का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून एकेक डोळा. पन्नाशीनंतर आठवड्यातून एकदा, भाजी निवडायला बसलं की, एवढं करायला काय लागतं?

रेघ नव्यानं वाकडी दिसली तर चार-आठ दिवसांच्या आत पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. सगळं ठीक दिसलं तरी मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा. जाताना घेत असलेली सगळी औषधं पिशवीत टाकून न्या. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, बाजारातल्या पुड्यासुद्धा. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र आपल्या मनानं बंद करू नका, तेही धोक्याचं. आणि जुने फोटो, जुने रिपोर्ट फायलीत लावून ठेवा. मागच्या वेळचा काप शेजारी असला की डॉक्टरांना वाढलं की ओसरलं ते लगेच कळतं.

आमच्या शिबिरात आता नावनोंदणीच्या टेबलावरच चौकटीचं पान चिकटवलेलं असतं. नाव, वय, मग एकेक डोळा. गेल्या जानेवारीत दोघीजणी त्या पानावर अडल्या. त्यांना 'पिकू दे' म्हणून घरी पाठवलं नाही, दुसऱ्या दिवशी जीप करून जिल्ह्याला नेलं. एकीचा पापुद्रा निघाला, तूर्त लक्ष ठेवा म्हणाले. दुसरीचं सासूबाईंसारखंच होतं, पण आठवडाभरातलंच. तिचं इंजेक्शन त्याच दिवशी झालं.

गेल्या दिवाळीत सासूबाईंनी अंगणात बसायचा हट्ट धरला. अगरबत्तीनं भोकं पाडलेला तो कागद त्यांनी पहिल्यांदाच मागून घेतला. ठिपके त्यांनी घातले, ओळी मी जोडल्या. मधेच मला म्हणाल्या, ''तू रोज बघतेस ना गं स्वतःचं? एकेक डोळा झाकून?''

मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. आत जाऊन आधी ते केलं, मग रांगोळी पुरी केली.